इंका बांधकाम आणि वाका

इंका बांधकाम : पेरूतील कुस्को शहरात आणि आसपासच्या दऱ्यांत इंका राजवटीने, विशेषतः पाचाकुती (कारकीर्द सु. १४३८–७१) याच्या काळापासून, उभारलेली दगडी वास्तुपरंपरा. चुन्याशिवाय बसवलेल्या तिच्या भिंती जगभर ओळखल्या जातात. पण इंका लोक दगडाकडे कोणत्या नजरेने पाहत, हे ठाऊक नसेल तर त्या भिंती अर्ध्याच कळतात.

इंकांच्या केच्वा भाषेत देवत्व वसलेल्या जागेला किंवा वस्तूला ‘वाका’ म्हणत. डोंगर, झरा, पूर्वजाचे जतन केलेले शव, रानातली एखादी शिळा, यांपैकी काहीही वाका असू शके. कोरिकांचा या कुस्कोतील सूर्यमंदिरापासून निघणाऱ्या ४१ रेषांवर ३०० हून अधिक वाका असल्याची नोंद बेर्नाबे कोबो या पाद्र्याने १६५३ मध्ये केली. त्यांत खडक आणि झरे पुष्कळ. चांका लोक कुस्कोवर चालून आले तेव्हा दगडच योद्धे होऊन पाचाकुतीच्या बाजूने लढले व पुन्हा दगड झाले, अशी कथा होती. त्या दगडांना ‘पुरुरौका’ म्हणून पूजत. इंका वंशाची सुरुवात ज्यांच्यापासून मानत त्या आद्य भावंडांपैकी आयार उचूही वानाकाउरी डोंगरावर शिळा होऊन राहिला, असे मानत. दगड हा त्यांच्या लेखी जीव असलेला होता.

घडणीची पद्धत साधी, पण चिकाटीची. लोखंडी हत्यारे आणि चाक इंकांकडे नव्हते. नदीतल्या कठीण गोट्यांनी ठोकून ठोकून दगड घडवत. जाँ-प्येर प्रोत्झेन या वास्तुतज्ज्ञाने १९८० च्या दशकात हे स्वतः करून पाहिले. दर्शनी बाजूसाठी साधारण ४ किलोचा गोटा लागला, कडांसाठी मात्र एक किलोहून हलका. मूळ इंका दगडांवरही हेच दिसते: मधोमध टवक्यांचे खळगे मोठे, कडेला येतील तसे बारीक. वरचा दगड बसावा म्हणून खालच्यात त्याच्या आकाराची खाच घेत. त्यामुळे प्रत्येक दगड आपल्या शेजाऱ्यापुरताच घडलेला असतो; कुस्कोच्या आतुनरुमियोक गल्लीतला बारा कोनांचा दगड हे याचे प्रसिद्ध उदाहरण. भिंती आत किंचित झुकलेल्या, दारे आणि कोनाडे वर अरुंद होत गेलेले. हे काम देवळे आणि राजवाड्यांपुरते होते. सामान्यांची घरे ओबडधोबड दगड आणि मातीची असत.

श्रद्धा सर्वांत स्पष्ट दिसते ती जागच्या खडकाला दिलेल्या मानात. माचू पिक्चूच्या अर्धगोल मंदिरात मधला खडक तसाच ठेवून त्याभोवती भिंत वळवली आहे आणि जूनमधील अयनदिनी उगवत्या सूर्याचा किरण खिडकीतून त्या खडकावर येतो. आपण ज्याला स्वयंभू म्हणू, तशा शिळेसाठी बांधलेले हे घर आहे. खडक फोडून जागा सपाट करणे त्यांना अवघड नव्हते, म्हणून हा निर्णय मला फार बोलका वाटतो.

दगड वाहून नेणे हे ‘मिता’ या पाळीच्या सक्तीच्या श्रमाचे काम होते. ओयांतायतांबो या इंका ठाण्यासाठी नदीपलीकडच्या काचिकाता खाणीतून आणलेल्या काही शिळा वाटेतच राहिल्या. त्यांना आजही ‘थकलेले दगड’ म्हणतात. कुस्कोजवळच्या रुमिकोल्का खाणीतले सुमारे ४५० घडीव दगड तर तब्बल १,६०० किमी दूर, इक्वाडोरमधील सारागुरोजवळ सापडले आहेत. तिथेही चांगला दगड मिळत असताना तो कुस्कोतून नेला, यावरून त्या दगडासोबत कुस्कोचे पावित्र्यही नेले जात असावे, असे मानण्यास जागा आहे.

स्पॅनिशांनी १५३३ मध्ये कोरिकांचाचे सोन्याचे पत्रे उचकटून नेले आणि त्याच भिंतींवर सांतो दोमिंगोचा मठ बांधला. १९५० च्या भूकंपात मठाचा मोठा भाग कोसळला. ढिगाऱ्याखाली झाकलेल्या इंका भिंती उघड्या पडल्या, त्या जागच्या हललेल्या नव्हत्या.