देशादेशांमधले वंशसंहाराचे खटले

एका देशानं दुसऱ्या देशावर वंशसंहाराचा आरोप ठेवून भरलेला दावा. हे दावे हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात चालतात. हेगलाच आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय म्हणून दुसरं कोर्ट आहे, तिथं माणसांवर खटला चालतो, पहिल्या कोर्टात कुणाला जेल होत नाही, तिथं जबाबदार ठरतो तो देश. बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या वाचकाला सरकार विरुद्ध सरकार ही केस नवी नाही. महाराष्ट्राचा सीमाप्रश्नाचा २००४ चा दावा सुप्रीम कोर्टात आहे आणि तिथंही कर्नाटकाचा पहिला आक्षेप हाच, की हे ऐकायचा अधिकार कोर्टाला नाही. साम्य तेवढंच, सीमावादाला वंशसंहाराशी जोडू नये.

मराठी पेपरांत नरसंहार हा शब्द जास्त दिसतो, पण त्यात कुठलीही मोठी कत्तल बसते. कायद्यात नेम गटावर असतो, म्हणून इथं वंशसंहार घेतलाय. मूळ इंग्रजी शब्द राफाएल लेम्किन या पोलिश ज्यू वकिलानं घडवला, तो छापून आला १९४४ ला. कल्पना मात्र साधारण १९३३ पर्यंत मागं नेता येते, तेव्हा त्यानं माद्रिदच्या परिषदेसाठी असाच प्रस्ताव वेगळ्या नावांनी पाठवला होता. काहीजण तो वेगळाच विषय मानतात, पण धागा एकच असावा असं वाटतं.

९ डिसेंबर १९४८ ला संयुक्त राष्ट्रांनी करार मंजूर केला, १९५१ ला तो लागू झाला. राष्ट्रीय, वांशिक, वर्णीय किंवा धार्मिक गट, गट म्हणूनच, पूर्ण किंवा अंशतः नष्ट करायचा हेतू पाहिजे. कलम ९ नं कोर्टाला अधिकार मिळतो, आणि सगळी अडचण तिथंच आहे, कारण देश सही करताना या कलमावर राखीव अट घालू शकतात. भारतानं १९५९ ला करार मान्य करताना तशी अट घातली, की वादातल्या सगळ्या पक्षांची संमती असेल तरच कोर्टात जायचं.

तिचा उपयोग झाला १९७३ ला. एकाहत्तरच्या युद्धात बेळगावला केंद्र असलेल्या मराठा लाइट इन्फंट्रीची जंगी पलटण जमालपूरला लढली, त्यामुळं या युद्धाच्या आठवणी आपल्याकडं घराघरात आहेत. त्या युद्धातले, भारताच्या ताब्यात असलेले १९५ पाकिस्तानी कैदी वंशसंहाराच्या आरोपाखाली बांगलादेशाकडं देऊ नयेत, त्यांच्यावर खटला आम्हीच चालवणार, म्हणून पाकिस्तान हेगला गेला. भारतानं कलम ९ वरची अट पुढं करून हजरच राहायचं नाकारलं, पुढं दोन्ही देशांत बोलणी झाली आणि डिसेंबरात पाकिस्ताननं दावा मागं घेतला. म्हणजे पहिल्या वंशसंहाराच्या दाव्यात पुरावा तपासायची वेळच आली नाही.

पुराव्याचा कस लागला बोस्नियानं सर्बियाविरुद्ध केलेल्या केसमध्ये. दावा १९९३ चा, निकाल २६ फेब्रुवारी २००७ चा. जुलै १९९५ ला स्रेब्रेनित्सात सुमारे आठ हजार बोस्नियाक, म्हणजे बोस्नियातले मुस्लिम, पुरुष आणि पोरं मारली गेली, तो वंशसंहारच असं कोर्टानं ठरवलं. पण मारणारं सैन्य बोस्नियातल्या सर्बांचं, त्याला पैसा आणि शस्त्रं बेलग्रेडची, म्हणजे सर्बियाच्या राजधानीची, मग दोष कुणाचा? कोर्टानं निकाराग्वा विरुद्ध अमेरिका या स्वतःच्याच १९८६ च्या निकालातली कसोटी लावली: त्या विशिष्ट कृत्यावर प्रत्यक्ष ताबा होता का. युगोस्लाव्हियासाठीच्या फौजदारी न्यायाधिकरणानं टाडिच या बोस्नियातल्या सर्बाच्या खटल्यात एकूण ताबा पुरेसा मानला होता, ते इथं मानलं नाही. सर्बियानं वंशसंहार केला हे सिद्ध धरलं नाही, तो रोखला नाही आणि बोस्नियातल्या सर्ब सैन्याचा सेनापती म्लाडिचला न्यायाधिकरणाच्या हवाली केलं नाही, एवढा दोष ठेवला. त्यात सर्बियाच्या सर्वोच्च संरक्षण परिषदेच्या इतिवृत्तांतले काही भाग झाकलेले होते, बोस्नियानं ते उघडे मागितले, कोर्टानं तसा आदेश दिला नाही. उपाध्यक्ष अल-खसावनेह यांनी भिन्नमतात यावर कडक टीका केली आणि ती पटण्यासारखी आहे, कारण हेतू कागदात असतो आणि कागद आरोपीच्या कपाटात.

क्रोएशिया विरुद्ध सर्बिया, २०१५: वागण्यातून वंशसंहाराचा हेतू हा एकच वाजवी अर्थ निघाला पाहिजे असं म्हणून दोघांचेही दावे फेटाळले.

निकालाला वर्षं जातात, म्हणून आपल्याकडं स्टे म्हणतात तसे तात्पुरते आदेश महत्त्वाचे. म्यानमारच्या रोहिंग्यांसाठी गांबिया या दूरच्या देशानं २०१९ ला दावा केला, २३ जानेवारी २०२० ला आदेश मिळाले, आणि थेट झळ न बसलेला देशही दावा करू शकतो हे २०२२ ला पक्कं झालं. दक्षिण आफ्रिका विरुद्ध इस्रायलमध्ये २६ जानेवारी २०२४ ला असेच आदेश झाले. सुदानचा संयुक्त अरब अमिरातीविरुद्धचा दावा मात्र मे २०२५ ला पटलावरून निघाला, अमिरातीनं कलम ९ वर राखीव अट घातलेली होती.