निवडणुकीतील परकीय हस्तक्षेप

एखाद्या देशातील निवडणुकीचा निकाल, उमेदवारांची प्रतिमा किंवा मतदान व मतमोजणीवरील लोकांचा भरवसा आपल्याला हवा तसा वळवण्यासाठी दुसऱ्या देशाने उघडपणे वा छुपेपणाने केलेली खटपट. पैसा पुरवणे, मदतीचे आमिष किंवा ती रोखण्याची धमकी देणे, चोरलेला पत्रव्यवहार फोडणे, बनावट मजकूर पसरवणे, मतदारयाद्यांच्या संगणकांत शिरणे हे तिचे नेहमीचे मार्ग. परदेशी नेत्याने एखाद्या उमेदवाराचे कौतुक केले, एवढ्यावरून त्याला सहसा हस्तक्षेप म्हणत नाहीत. अपप्रचार आणि देशांतर्गत अतिरेकवाद यांचा अभ्यास अलीकडे याला जोडूनच होतो, कारण बाहेरून आलेला मजकूर पसरतो तो बहुधा घरच्याच माणसांच्या हातून.

प्रारंभ कोठून धरावा याबद्दल मतभेद आहेत. काही अभ्यासक पोलंडच्या निर्वाचित राजेशाहीकडे बोट दाखवतात. तेथे सतराव्या-अठराव्या शतकांत राजाच्या निवडीसाठी फ्रान्स, ऑस्ट्रिया व रशिया यांचा पैसा सरदारांपर्यंत पोहोचत असे. १७६४ मध्ये स्तानिस्लाव पोन्यातोव्स्की याची निवड रशियन फौजेच्या पाठबळावर झाली. परंतु तेथील मतदार म्हणजे केवळ उमराव वर्ग. त्यामुळे अमेरिकेतील १७९६ ची अध्यक्षीय निवडणूक हे पहिले ठळक उदाहरण मानणे अधिक सयुक्तिक दिसते. फ्रान्सचा अमेरिकेतील राजनैतिक प्रतिनिधी प्येर आदे याने आपली राजनैतिक पत्रे फिलाडेल्फियाच्या ‘ऑरोरा’ या वृत्तपत्रात छापवून टॉमस जेफरसन यांची बाजू उचलून धरली. त्यांचे प्रतिस्पर्धी जॉन ॲडम्स ७१ विरुद्ध ६८ अशा निर्वाचक मतांनी जिंकले. पेनसिल्व्हेनियाची बहुतेक मते जेफरसन यांच्याकडे गेली, त्यात आदेचा वाटा किती हे ठरवता आलेले नाही. जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या निरोपाच्या संदेशातील परकीय प्रभावाविषयीचा इशारा आदेला उद्देशून होता असे कधीकधी लिहिले जाते. पण तो संदेश सप्टेंबर १७९६ चा, म्हणजे या पत्रांच्या आधीचा आहे.

सर्वाधिक वाद झाला तो झिनोव्हिएव पत्रावर. २९ ऑक्टोबर १९२४ रोजी ब्रिटनमध्ये सार्वत्रिक निवडणूक होती. चार दिवस आधी ‘डेली मेल’ने एक पत्र छापले. त्यावर कम्युनिस्ट इंटरनॅशनल या मॉस्कोस्थित जागतिक कम्युनिस्ट संघटनेचा अध्यक्ष ग्रिगोरी झिनोव्हिएव याचे नाव आणि १५ सप्टेंबर ही तारीख होती. ब्रिटिश कम्युनिस्टांनी सैन्यात चिथावणी द्यावी, असा त्याचा आशय. रॅम्से मॅक्डोनल्ड यांच्या मजूर सरकारच्या परराष्ट्र खात्यानेच सोव्हिएट प्रतिनिधीकडे निषेधाचा खलिता धाडल्याने पत्राला खरेपणाचे वजन आले. झिनोव्हिएवने लगेच इन्कार केला, आणि त्याचे मुद्दे आजही वाचण्याजोगे आहेत : पत्राच्या मथळ्यावरील संस्थेचे नाव ती संस्था कधीच वापरत नाही, सहीखालील पदनाम चुकीचे आहे आणि त्या तारखेला आपण किस्लोवोद्स्क येथे विश्रांतीसाठी होतो.

मूळ पत्र कधीच सापडले नाही. ब्रिटिश हेरखात्याकडे त्याची प्रत रिगा येथील ठाण्यातून आली, एवढे निश्चित. पुढे १९६० च्या दशकात एका रशियन निर्वासिताच्या विधवेने ते बर्लिनमध्ये आपल्या पतीने व त्याच्या साथीदारांनी रचल्याचे सांगितले. परराष्ट्र खात्याच्या मुख्य इतिहासकार गिल बेनेट यांच्या १९९९ च्या अहवालाने पत्र बनावट ठरवले; ते बाल्टिक प्रदेशातील बोल्शेव्हिकविरोधी रशियनांनी रचले असावे आणि ब्रिटिश हेरखात्यातील काहींनी ते हुजूर पक्षाच्या हितासाठी फोडले असावे, असा त्यांचा कल आहे. बर्लिनच्या कथेपेक्षा हे मत पुराव्याशी अधिक जुळते. निकालावरील परिणाम मात्र समजला जातो तितका सरळ नाही. मजूर पक्षाच्या जागा १९१ वरून १५१ वर आल्या, पण त्याची मते सुमारे दहा लाखांनी वाढली. कोसळला तो उदारमतवादी पक्ष. येथे मॉस्कोचा हस्तक्षेप झालाच नव्हता. त्याची भीती मात्र देशातल्याच लोकांनी वापरली, आणि या विषयाच्या अभ्यासात ही गोष्ट कधीही नजरेआड होऊ देता कामा नये.

शीतयुद्धाच्या काळात हस्तक्षेप नित्याचा झाला. एप्रिल १९४८ मध्ये इटलीत ख्रिस्ती लोकशाहीवाद्यांना अमेरिकेने गुप्तपणे पैसा दिला. चिलीत १९६४ मध्ये एद्वार्दो फ्रेई यांच्या प्रचारखर्चाचा निम्म्याहून अधिक भाग अमेरिकी गुप्तचर संस्थेने उचलल्याचे सिनेटच्या चर्च समितीने (सिनेटर फ्रँक चर्च यांच्या अध्यक्षतेखालील) १९७५ मध्ये उघड केले. राज्यशास्त्रज्ञ डोव्ह लेव्हिन यांच्या गणनेनुसार १९४६ ते २००० या काळात अमेरिकेने ८१ व सोव्हिएट संघ-रशियाने ३६ राष्ट्रीय निवडणुकांत हस्तक्षेप केला. सोव्हिएट बाजूची कागदपत्रे कमी खुली असल्याने दुसरा आकडा किमान समजणे बरे.

अमेरिकेच्या २०१६ मधील अध्यक्षीय निवडणुकीत रशियाने चालवलेल्या मोहिमेचे दोन भाग होते. लष्करी गुप्तचर खात्याने डेमोक्रॅटिक पक्षाचे ईमेल चोरले व गुप्त कागदपत्रे प्रसिद्ध करणाऱ्या विकिलीक्स या संकेतस्थळामार्फत बाहेर आणले. सेंट पीटर्सबर्गच्या इंटरनेट रिसर्च एजन्सीने अमेरिकी नागरिक असल्याची बतावणी करून समाजमाध्यमांवर पाने चालवली. त्यांतील एक प्रसंग सारी पद्धत उलगडून दाखवतो. २१ मे २०१६ रोजी ह्यूस्टनमधील एका इस्लामी केंद्राबाहेर ‘हार्ट ऑफ टेक्सस’ या पानाने इस्लामविरोधी निदर्शने बोलावली. त्याच वेळी, त्याच जागी ‘युनायटेड मुस्लिम्स ऑफ अमेरिका’ या पानाने केंद्राच्या बाजूने जमाव बोलावला. दोन्ही पाने एजन्सीचीच. रस्त्याच्या दोन बाजूंना उभे राहून एकमेकांवर ओरडणारी माणसे मात्र खरी अमेरिकी होती. सिनेट समितीच्या माहितीनुसार जाहिरातींचा खर्च सुमारे २०० डॉलर होता.

परिणामाबद्दल अभ्यासक विभागलेले आहेत. लेव्हिन यांच्या मते हस्तक्षेप ज्या बाजूसाठी होतो तिला सरासरी तीन टक्के मतांचा लाभ होतो. संज्ञापनाच्या अभ्यासक कॅथलीन हॉल जेमिसन यांच्या मते २०१६ मध्ये चोरलेल्या ईमेलांनी बातम्यांचा रोख बदलला आणि तो बहुधा निर्णायक ठरला. उलट, २०२३ मध्ये ‘नेचर कम्युनिकेशन्स’मधील अभ्यासात ट्विटरवरील रशियन खात्यांच्या मजकुराचा ७० टक्के संपर्क केवळ एक टक्का वापरकर्त्यांपुरता आढळला. त्यांत आधीपासूनच रिपब्लिकन पक्षाशी घट्ट बांधलेले लोक अधिक होते, आणि मते बदलल्याचा अर्थपूर्ण पुरावा दिसला नाही. हा अभ्यास समाजमाध्यमांवरील मजकुरापुरता आहे. फोडलेल्या ईमेलांना तो लागू होत नाही. त्यामुळे वरवर दिसतो तेवढा या मतांत विरोध नाही. मत फिरवण्यापेक्षा आधीची फूट रुंद करणे, हेच अशा मजकुराचे खरे काम दिसते.

येथेच देशांतर्गत अतिरेकवादाचा संबंध येतो. ऑक्टोबर २०२० मध्ये फ्लोरिडा व इतर काही राज्यांतील डेमोक्रॅटिक मतदारांना ‘प्राउड बॉइज’ या अमेरिकी अतिउजव्या गटाच्या नावाने धमकीचे ईमेल आले : ट्रम्प यांना मत द्या, नाहीतर गाठू. थोड्याच दिवसांत अमेरिकी सरकारने त्यामागे इराण असल्याचे जाहीर केले. धमकी खरी वाटली, कारण तसा गट खरोखर होता. त्या निवडणुकीत कोणत्याही परकीय शक्तीने मतदानाच्या तांत्रिक यंत्रणेत बदल करण्याचा प्रयत्न केल्याचे आढळले नाही, असा निर्वाळा गुप्तवार्ता संस्थांनी मार्च २०२१ मध्ये दिला. निवडणूक चोरली गेली हा खोटा दावा देशातून, मावळत्या अध्यक्षांच्या तोंडून आला. तो न्यायालयांत साठाहून अधिक दाव्यांत टिकला नाही; तरी ६ जानेवारी २०२१ रोजी त्यावर विश्वास ठेवणारा जमाव संसद भवनात घुसला. या घटनेचे खापर परक्यांवर फोडणे म्हणजे झाल्या गोष्टीची जबाबदारी झटकणे होय.

कायद्याची बाजू अपुरी आहे. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने निकाराग्वाने अमेरिकेविरुद्ध लढवलेल्या खटल्यात (१९८६) जबरदस्ती हे निषिद्ध हस्तक्षेपाचे सार मानले. अपप्रचारात जबरदस्ती दाखवणे अवघड जाते. म्हणून काही विधिज्ञ स्वयंनिर्णयाच्या हक्काचा आधार घ्यावा असे सुचवतात, आणि तो मार्ग अधिक भक्कम वाटतो. देशी कायदे मुख्यतः पैशावर रोख ठेवतात. भारतात १९७६ पासून पक्ष व उमेदवार यांना परदेशी देणगी घेण्यास मनाई आहे. रुमानियाच्या घटनात्मक न्यायालयाने ६ डिसेंबर २०२४ रोजी अध्यक्षीय निवडणूकच रद्द केली. पहिल्या फेरीत कालिन जॉर्जेस्कू पुढे होते आणि टिकटॉकवरील त्यांच्या प्रचाराबद्दल गुप्तवार्ता अहवाल खुले झाले होते. रशियाशी थेट संबंध दाखवणारा जाहीर पुरावा अपुरा असल्याची टीका त्या निर्णयावर झाली. मे २०२५ मधील फेरनिवडणुकीत निकुशोर दान निवडून आले.

फ्रान्सची परकीय डिजिटल हस्तक्षेपावर नजर ठेवणारी विजिनम ही संस्था (२०२१) व स्वीडनची मानसशास्त्रीय संरक्षण संस्था (२०२२) यांचे कार्यक्षेत्र परकीय मोहिमांपुरतेच आहे. तोच मजकूर देशातील नागरिक स्वतःहून पुढे पाठवू लागला की तो अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या कक्षेत जातो. अमेरिकेत केंद्रीय तपास संस्थेने (एफबीआय) २०१७ मध्ये परकीय प्रभावाविरुद्ध नेमलेले पथक फेब्रुवारी २०२५ मध्ये बरखास्त करण्यात आले.