सविका (तुलुनुम्बी)

मादागास्करच्या मध्य पठारावर राहणाऱ्या बेत्सिलेउ लोकांमधील माणूस आणि बैल यांची निःशस्त्र झोंबी. ‘तुलुना’ म्हणजे कुस्ती आणि ‘उम्बी’ म्हणजे गुरे. त्यातला ‘उम्बी’ शब्द पूर्व आफ्रिकेच्या बांटू भाषांतून बेटावर आला. अंबुसिट्रा, फियानारान्त्सुआ आणि अंबालावाउ हा या प्रथेचा मुलूख. झोंबणाऱ्या तरुणाला ‘म्पिसविका’ म्हणतात.

सविकेचे मूळ भातखाचरात आहे. लावणीआधी बेत्सिलेउ शेतकरी पाणी सोडलेल्या खाचरात गुरांचा कळप गोल गोल पळवून चिखलणी करतात. गुरे उधळती ठेवायची तर पोरांनी त्यांना डिवचायचे, अंगाशी झोंबायचे. मऊ चिखलात पडले तरी हाड मोडत नाही, त्यामुळे सराव तिथेच होतो. आखाड्याची जमीन इतकी दयाळू नसते.

मादागास्करचा बैल वशिंडाचा असतो आणि सारी झोंबी त्या वशिंडासाठी असते. शिंगे धरायला जाणे ही नवख्याची चूक: बैलाच्या मानेतला जोर हाताला पेलत नाही आणि माणूस थेट टोकांसमोर येतो. जाणता म्पिसविका बाजूने, खांद्याच्या मागून झेप घेतो. दोन्ही हातांनी वशिंडाला मिठी मारून छाती बैलाच्या खांद्याला भिडवतो. अंगात फट राहिली की पहिल्याच उसळीत तो फेकला जातो. बैल उड्या मारतो, गिरक्या घेतो. जो जास्त वेळ टिकतो त्याचे नाव होते. सुटणेही शिकावे लागते. बैल वळत असताना बाहेरच्या अंगाला उडी टाकायची आणि लगेच दूर व्हायचे, कारण पडलेल्याला तुडवण्याचा, शिंगावर घेण्याचा किंवा कुंपणावर दाबण्याचा धोका त्याच क्षणी सर्वांत मोठा असतो. बैलाला ठार मारत नाहीत.

ईस्टर आणि पेंटेकॉस्ट हे ख्रिस्ती सण, भाताचे नवे पीक, लग्न अशा प्रसंगी सविका भरते. पूर्वी लग्नाच्या वयाच्या तरुणाने आपली धमक दाखवण्याची ही जागा होती. शरीराइतकाच भरवसा ‘उडी’ या ताईतावर असतो. तो ‘उम्बियासी’ म्हणजे जाणता वैदू बनवून देतो, आणि त्यासोबत येणारे ‘फाडी’, म्हणजे निषेध, काटेकोर पाळावे लागतात.

तमिळनाडूच्या जल्लिकट्टूतही बैलाच्या वशिंडालाच धरतात. दोन्हीकडची गुरे वशिंडी असल्याने पकड सारखी आहे. त्यावरून दोन्ही प्रथांचे मूळ एक मानणे मात्र घाईचे ठरेल.