पहिला महिना, घरातच

बाळ जन्मलं की सव्वा महिना आई आणि बाळ उंबरठा ओलांडत नाहीत. आपल्याकडची ही जुनी रीत. पण नवजात बाळांचे मृत्यू सर्वाधिक होतात तेही याच दिवसांत. नर्सबाई उपकेंद्रात असते आणि एका उपकेंद्राकडे 5 हजार लोकसंख्या, आदिवासी भागात 3 हजार. एकेका घरी आठवड्यातून दोनदा जाणं तिला जमणार कसं?

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने या अडचणीवर काम केलं. आधी प्रश्न होता बाळांच्या न्यूमोनियाचा; तो ओळखायचा तर बाळाचे मिनिटाचे श्वास मोजावे लागतात. पन्नासपर्यंत मोजता न येणाऱ्या सुइणींसाठी त्यांनी वाळूचं घड्याळ आणि मणी असलेलं साधन बनवलं: दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. ही युक्ती मला फार मोलाची वाटते, कारण निरक्षर बाईला नालायक ठरवण्याऐवजी तिथे साधन बदललं.

पुढे 39 गावांत थोड्या शिकलेल्या स्थानिक बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं. 1995-96 मध्ये त्यांनी घरोघरी जाऊन 763 बाळांची नोंद ठेवली. निम्म्याहून अधिक बाळांना उपचारांची गरज होती, ते मिळाले मात्र तीन टक्क्यांनाही नाही. मग आरोग्यदूत बाळाचं वजन करू लागल्या, ताप पाहू लागल्या, गुदमरलेल्या बाळाला श्वास देऊ लागल्या. जंतुसंसर्ग दिसला तर जेंटामायसिन या प्रतिजैविकाचं इंजेक्शनही त्याच देत. गावातली बाई तान्ह्या बाळाला सुई टोचणार, हे त्या काळी अनेकांना पटणारं नव्हतं. तीन वर्षांत, शेजारच्या 47 गावांच्या तुलनेत, या गावांतले नवजात मृत्यू 62 टक्क्यांनी कमी झाले. 1999 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने हे निष्कर्ष छापले.

2009 मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफने नवजात बाळांसाठी गृहभेटींची शिफारस केली. 2011 पासून भारतभर हे काम आशाताईंकडे आलं. बाळंतपण दवाखान्यात झालं तर 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी अशा सहा भेटी, घरी झालं तर पहिल्या दिवसाची आणखी एक.

या सगळ्या भेटींचा मोबदला 250 रुपये ठरला, आणि त्याला अट जोडली: 42 व्या दिवसापर्यंत आई आणि बाळ दोघंही सुखरूप असायला हवेत. सातव्या महिन्यात जन्मलेलं, किलोभराचं बाळ सगळ्या भेटी वेळेवर होऊनही गेलं, तर त्या अटीत आशाताईची पायपीट कुठेच बसत नाही.