रिपोर्ट नॉर्मल, तरी टक्कल का?

कोल्हापुरात केस गळायला लागले की पहिला संशय पाण्यावर जातो. नळाचं क्लोरीन, बोअरचं जड पाणी, मग हेल्मेट, मग जागरण. तालमीच्या वळणाची जुनी माणसं 'अंगात उष्णता वाढलीय' म्हणून मोकळी होतात. शेवटी राजारामपुरीतला एखादा डॉक्टर गाठला जातो, टेस्टोस्टेरॉन या पुरुषी हार्मोनची तपासणी होते आणि रिपोर्ट येतो नॉर्मल. टक्कल मात्र जागच्या जागी. हे कोडं नवं नाही. विज्ञानानंही आधी बराच काळ रक्तातच शोधाशोध केली होती.

वयात येण्याआधी ज्यांचं वृषण काढलं जातं त्यांना टक्कल पडत नाही, एवढं निरीक्षण हिप्पोक्रॅटीसच्या काळापासून नोंदलेलं होतं. पण त्यामागचा हार्मोन कुपीत मिळायला 1935 साल उजाडावं लागलं. त्या वर्षी टेस्टोस्टेरॉन वेगळं काढलं गेलं आणि प्रयोगशाळेत तयारही झालं. त्यानंतर अमेरिकेतल्या जेम्स हॅमिल्टन यांनी अशा वृषण काढलेल्या पुरुषांना ते देऊन पाहिलं. त्यांचा 1942 चा निबंध या विषयाचा पाया मानला जातो. ज्यांच्या घराण्यात टक्कल होतं, त्यांचे केस हार्मोन सुरू केल्यावर विरळ होत गेले. ज्यांच्या घराण्यात नव्हतं, ते तोच हार्मोन घेऊनही शाबूत राहिले. औषध थांबवल्यावर गळती थांबली, पण गेलेले केस परतले नाहीत. म्हणजे हार्मोन लागतोच, पण तेवढ्यानं भागत नाही. टक्कल म्हणजे मर्दानगी जास्त, ही आपल्याकडची लाडकी समजूत तिथंच मोडीत निघायला हवी होती. अजून निघालेली नाही.

पुढचा टप्पा 1968 चा. डॅलसमध्ये निकोलस ब्रुकोव्हस्की आणि जीन विल्सन यांनी उंदरांच्या प्रोस्टेट ग्रंथीत पाहिलं, की पेशीच्या केंद्रकात टेस्टोस्टेरॉनऐवजी त्याचं बदललेलं रूप साचतंय: डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन, म्हणजेच डीएचटी. हा बदल 5-अल्फा रिडक्टेज नावाचं एन्झाइम घडवून आणतं. डीएचटी पेशीतल्या रिसेप्टरला, म्हणजे हार्मोनचा संदेश टिपणाऱ्या प्रथिनाला, जास्त घट्ट चिकटतं, आणि मग ती जोडी कुठले जीन चालू करायचे, कुठले बंद, हे ठरवते.

1974 मध्ये ज्युलियन इम्पेराटो-मॅकगिन्ली यांनी डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या काही कुटुंबांचा अभ्यास जाहीर केला. तिथल्या काही मुलग्यांमध्ये जन्मतः या एन्झाइमची कमतरता होती. टेस्टोस्टेरॉन पुरेसं, वयात आल्यावर अंग पिळदार, पण दाढी तुरळक, प्रोस्टेट लहान आणि कपाळावरची केसांची रेषा जिथल्या तिथं. औषध कंपन्यांना यातून दिशा मिळाली. एन्झाइम अडवणारं फिनास्टेराइड 1992 मध्ये अमेरिकेत आधी वाढलेल्या प्रोस्टेटसाठी आणि 1997 मध्ये, पाचपट कमी मात्रेत, टकलासाठी मंजूर झालं. (मिनॉक्सिडिलचं घराणं वेगळं. ते मुळात रक्तदाबाचं औषध. ते घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढले, म्हणून डोक्याला लावायचं ठरलं.)

पण झुपकेदार मिशी आणि चकचकीत डोकं एकाच पैलवानाच्या वाट्याला कसं येतं? रक्त तर तेच. फरक मुळाशी आहे. केसाच्या बुडाशी असलेल्या पॅपिलाच्या पेशी हा संदेश जागेनुसार वेगळा वाचतात: हनुवटीवर केस जाड होतो, माथ्यावर वाढीचा काळ आखडत जाऊन मूळ बारीक होतं, डोक्याच्या मागच्या भागात फारसं काहीच घडत नाही. न्यूयॉर्कचे नॉर्मन ओरेंट्राइख यांनी 1959 मध्ये हेच दाखवलं. मागचे केस पुढं लावले तरी ते आपला मूळ स्वभाव सोडत नाहीत. आजचं हेअर ट्रान्सप्लांट त्याच आधारावर उभं आहे. उलट 1953 मध्ये जॉन मॉरिस यांनी वर्णन केलेल्या अवस्थेत हार्मोन भरपूर असूनही काखेत केस येत नाहीत आणि टक्कलही पडत नाही, कारण रिसेप्टरच काम करत नाही. त्या रिसेप्टरचा जीन एक्स गुणसूत्रावर असतो, म्हणून मुलाला तो आईकडूनच मिळतो. 'मामाच्या वळणावर गेलाय' हे निम्मं खरं आहे. उरलेल्या अनेक जीनमध्ये बापाचाही हात असतो.

बायकांच्या बाबतीत कारणं आणखी पसरलेली: थायरॉइड, पीसीओएस (बीजांडकोशाशी जोडलेला हार्मोनचा विकार), आणि बाळंतपण. गरोदरपणात इस्ट्रोजेन वाढलेलं असतं तेव्हा केस वाढीच्या अवस्थेत जास्त काळ राहतात. प्रसूतीनंतर दोन ते चार महिन्यांनी ते एकदम गळतात आणि बहुतेकींचे भरूनही येतात. तेल बदलून त्यात फारसा फरक पडत नाही.

सगळ्यात चक्रावणारा आहे व्हिटॅमिन डीचा रिसेप्टर. जन्मतः तो बिघडलेल्या काही मुलांच्या अंगावर केसच राहत नाहीत, पण डीच्या नुसत्या कमतरतेनं झालेल्या मुडदुसात तसं होत नाही. केसाच्या चक्राला तो रिसेप्टर लागतो, त्याला चिकटणारं डी मात्र लागेलच असं नाही. कमतरता निघाली तर डीची गोळी हाडांसाठी जरूर घ्यावी; तिच्या भरवशावर पुरुषी टक्कल भरून येईल, ही आशा मात्र धरू नये.