पिकांचा वैद्य, संशोधनाचा कारभारी

द्राक्षाच्या पानावर ठिपका दिसला, की आपल्या नाशिकच्या निफाड-दिंडोरीकडे आधी फवारणीचा ब्लोअर सुरू होतो. डाऊनी असेल, करपा असेल, कशाला धोका घ्या, असं म्हणत बुरशीनाशकाची टाकी भरली जाते. बेमोसमी पावसाने हातातोंडाशी आलेला घास एकदा गेला, की पुढच्या वेळी थांबायची हिंमत होत नाही, हे मला कळतं. तरीही पान बिघडलंय ते कशानं, हा प्रश्न फवारणीच्या आधीचा आहे. तो विचारायचा कसा, हे वनस्पती रोगशास्त्रज्ञ डॉ. यशवंत लक्ष्मण नेने यांच्या कामात फार स्वच्छ दिसतं.

नेने मूळचे ग्वाल्हेरचे, जन्म १९३६ चा. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठातून १९६० मध्ये त्यांनी पीएच.डी. केली. विषय वनस्पती रोगशास्त्र. पुढे ते पंतनगरच्या कृषी विद्यापीठात शिकवू लागले. हिमालयाच्या पायथ्याची तराई, जंगल साफ करून वहितीखाली आणलेली जमीन. तिथे भाताची लावणी होऊन दोन-तीन आठवडे झाले की खालच्या पानांवर काताच्या रंगाचे ठिपके पडत. मग सगळं पान गंजल्यासारखं होई आणि रोप खुजं राही. शेतकरी त्याला ‘खैरा’ म्हणत.

रोगशास्त्रज्ञाने अशा वेळी जंतू शोधावा, ही रीतच. बुरशी, जिवाणू, विषाणू, नाहीतर मुळांवरची सूत्रकृमी. खैऱ्यात यातला कोणीच गुन्हेगार नव्हता. रोपांना जस्त मिळत नव्हतं! नेने यांनी १९६६ मध्ये हे मांडलं. भातातली जस्ताची कमतरता प्रत्यक्ष शेतात ओळखल्याची ती पहिली नोंद मानली जाते. उपायही साधा होता. हेक्टरी ५ किलो झिंक सल्फेट आणि २.५ किलो विरलेला चुना सुमारे १००० लिटर पाण्यात मिसळून फवारायचं. बोर्डो हे बुरशीनाशक करताना मोरचुदात चुना घालतो त्याच कारणासाठी इथेही चुना, म्हणजे द्रावणाचा आम्लपणा मोडतो आणि पान भाजत नाही. आपल्या विद्येच्या चौकटीत उत्तर नाही, हे रोगशास्त्रज्ञानेच सिद्ध करून दाखवावं, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

हे भाताचं झालं, पण नाशिकच्या काळ्या, चुनखडीच्या जमिनींशी त्याचा जवळचा संबंध आहे. अशा जमिनीचा सामू (पीएच, म्हणजे आम्ल-अल्कतेचा आकडा) चढा असतो, आणि तो एका अंकाने वाढला, की पाण्यात विरघळणारं जस्त सुमारे शंभरपटीने घटतं. म्हणजे मातीत जस्त असूनही मुळांच्या हाती लागत नाही. त्यात वर्षानुवर्षं स्फुरदाची (फॉस्फरसची) खतं सढळ हाताने पडलेली असली, तर उरलंसुरलं जस्तही अडतं. जस्ताविना वेलीत वाढीचं संप्रेरक पुरेसं तयार होत नाही. पानं बारीक राहतात, पेरं आखूड होतात, आणि घडात मोठ्या मण्यांच्या शेजारी मुगाएवढे मणी राहून जातात. हे डोळ्यांनी ओळखता येतं, पण खात्री देठ परीक्षणानेच होते. उन्हाळ्यातल्या खरड छाटणीनंतर साधारण ४५ दिवसांनी पाचव्या पानाचं देठ काढून प्रयोगशाळेत द्यायचं. फवारणीच्या एका फेरीच्या मानाने हा खर्च किरकोळ आहे.

हैदराबादजवळ पाटनचेरूला १९७२ मध्ये इक्रिसॅट ही आंतरराष्ट्रीय संस्था उभी राहिली. कोरडवाहू पिकं हा तिचा विषय. नेने १९७४ मध्ये तिथे गेले आणि तूर-हरभऱ्याच्या रोगांना भिडले. तुरीचा वांझ रोग घ्या. झाड हिरवंगार राहतं, पण फुलं-शेंगा धरत नाही. तो एका अतिसूक्ष्म कोळ्यामार्फत पसरतो, जेमतेम ०.२ मिलिमीटर लांबीच्या. हजारो वाणांतला कोणता तग धरतो हे तपासायचं, तर प्रत्येक रोपापर्यंत हा कोळी पोचवायला हवा. यावर नेने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काढलेली युक्ती पाहा. रोगट झाडाचं पान घ्यायचं, कोवळ्या रोपाच्या पहिल्या पानावर दुमडायचं आणि कचेरीतल्या साध्या स्टेपलरने टाचून टाकायचं. कोळी स्वतःहून पलीकडे जातो. रोगाचा विषाणू हाती लागायला पुढे २००० साल उजाडावं लागलं, पण सोशिक वाण निवडायचं काम त्यासाठी अडलं नाही.

झाड वाळवून मारणाऱ्या, मातीतून येणाऱ्या मर रोगासाठी मात्र युक्ती पुरत नाही, तिथे जमीनच आजारी करावी लागते. मेलेल्या झाडांची धसकटं बारीक करून मातीत मिसळायची, रोगाला चटकन बळी पडणारा वाण लावायचा, तो मेला की पुन्हा तेच. ओळीच्या ओळी साफ मरू लागल्या, की ते शेत परीक्षेला योग्य झालं. यात काही हंगाम जातात आणि दाखवायला हाती काही नसतं. असा तुकडा राखायचा, त्यावर पैसा आणि माणसं लावायची, आणि नवे वाण तयार करणारे पैदासकार व रोगशास्त्रज्ञ यांना एकाच बांधावर उभं करायचं, हे काम एकट्या संशोधकाच्या आवाक्यातलं नाही. तिथे कारभारी लागतो. चांगला शास्त्रज्ञ खुर्चीत बसला की विज्ञानाचं नुकसान होतं, ही आपल्याकडची समजूत मला म्हणूनच पटत नाही. नेने इक्रिसॅटचे उपमहासंचालक झाले, तेव्हा आजारी शेत काय मागतं हे त्यांना हातांनी माहीत होतं. खुर्चीवरच्या माणसाला ते माहीत नसेल, तर दुसऱ्याच वर्षी ‘निष्पत्ती काय?’ असं विचारून तो प्रयोग बंद पाडेल.

या परीक्षेतूनच मर रोगाला दाद न देणारा ‘मारुती’ हा तुरीचा वाण निवडला गेला. मात्र वांझ रोगापुढे तो टिकत नव्हता. दोन्ही रोगांना तोंड देणारा ‘आशा’ १९९३ मध्ये आला आणि महाराष्ट्रातही रुजला.

निवृत्तीच्या उंबरठ्यावर, १९९४ मध्ये, त्यांनी आशियाई कृषी-इतिहासासाठी प्रतिष्ठान स्थापन केलं. झाडांच्या निगराणीवरच्या, सुरपालाच्या ‘वृक्षायुर्वेद’ या जुन्या संस्कृत ग्रंथाचं हस्तलिखित ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात होतं. त्याची प्रत मिळवून नलिनी साधले यांच्याकडून इंग्रजी अनुवाद करून घेतला, तो १९९६ मध्ये छापला. त्यातलं कुणपजल, म्हणजे मांस, चरबी, तिळाची पेंड असं काय काय आंबवून केलेलं द्रवखत, आज स्लरी करणाऱ्या शेतकऱ्यांच्या बोलण्यात येतं. त्याचा मोठा भाग नेने यांच्या या खटाटोपामुळे. २०१८ मध्ये ते गेले.