पायांनी वाजवायचं वाद्य: टॅप डान्स आला कुठून

टॅप डान्स म्हणजे तळव्यांना धातूच्या पट्ट्या लावलेल्या बुटांनी जमिनीवर ठोके देत, ताल वाजवत करायचा नाच. २५ मे हा अमेरिकेत नॅशनल टॅप डान्स डे असतो आणि त्या निमित्ताने जागोजागी लोक पार्कात, स्टुडिओत, रस्त्यावर जमून शिम शॅम करतात. शिम शॅम हा १९२० च्या दशकात बसवलेला छोटासा डान्स, टॅपवाल्यांचं राष्ट्रगीतच म्हणा ना, एकमेकांची ओळखदेख नसली तरी चार टॅपर भेटले की तो एकत्र नाचता येतो. आणि २५ मेच का, तर टॅपचा मोठा स्टार बिल 'बोजँगल्स' रॉबिन्सन याचा तो जन्मदिवस, साल १८७८, गाव रिचमंड, व्हर्जिनिया. १९८९ मध्ये अमेरिकन काँग्रेसने ठराव केला, थोरल्या बुशनी सही केली आणि दिवस अधिकृत झाला. फार उशिरा झाला असं माझं स्पष्ट मत आहे, कारण तोपर्यंत ज्यांनी ही कला घडवली त्यातले बहुतेक जण जाऊनही जमाना झाला होता.

मागे जायचं तर १७३९ पर्यंत जावं लागतं. साउथ कॅरोलिनात स्टोनो नदीकाठी गुलामांनी बंड केलं, ढोल वाजवत माणसं गोळा करत पुढे निघाले, ते चिरडलं गेलं आणि १७४० मध्ये कायदा आला की गुलामांनी ढोल, शिंगं असलं मोठ्या आवाजाचं काही जवळ ठेवायचं नाही. मालकांना कळून चुकलं होतं की ढोलावरून निरोप जातात. आता एका कायद्यातून टॅप जन्मला असं सरळसोट सांगणं मला पटत नाही, पण ढोल काढून घेतले तरी ताल कोण काढून घेणार, तो हातात, मांड्यांवर, छातीवर, टाचांत गेला. अंगावर थापा मारत नाचायच्या या प्रकाराला जुबा म्हणायचे. दुसरीकडे आयर्लंडहून आलेल्या गरिबांचा जिग होता, इंग्लंडच्या लँकेशायरमधल्या गिरणी कामगारांचा लाकडी तळव्यांच्या बुटातला क्लॉग डान्स होता. हे सगळं एकमेकांत मिसळलं ते न्यूयॉर्कच्या फाइव्ह पॉइंट्ससारख्या वस्त्यांत, जिथे आयरिश आणि कृष्णवर्णीय गरीब एकाच गल्लीत राहायचे, एकाच गुत्त्यात नाचायचे आणि पैजा लावून एकमेकांना हरवायचे.

तिथलाच विल्यम हेन्री लेन, म्हणजे मास्टर जुबा. १८४२ मध्ये चार्ल्स डिकन्स अमेरिकेत फिरत असताना फाइव्ह पॉइंट्समधल्या एका तळघरात गेला, तिथे एका तरुणाचा नाच बघून थक्क झाला आणि आपल्या प्रवासवर्णनात त्याबद्दल लिहून ठेवलं, तो तरुण लेनच होता असं मानतात. पुढे लेन जॉन डायमंड नावाच्या गोऱ्या नर्तकाशी जाहीर सामने खेळला, १८४८ मध्ये लंडनमध्ये गाजला आणि तिकडेच तरुणपणी वारला. त्या काळात स्टेजवर मिन्स्ट्रेल शो चालायचे, गोरे लोक तोंडाला काळं फासून कृष्णवर्णीयांची टर उडवायचे, आणि लेनसारख्या अस्सल कलाकारालाही त्याच चौकटीत उभं राहावं लागलं. टॅपचा आनंद घेताना हा भाग गाळून टाकणं मला बरोबर वाटत नाही.

पुढे व्हॉडव्हिल आलं, म्हणजे नाच, गाणी, विनोद असे सुटे सुटे आयटम एकाच तिकिटात दाखवणारे स्टेज शो. तिथे बराच काळ नियम असा की कृष्णवर्णीय कलाकाराने एकट्याने स्टेजवर यायचं नाही, जोडीनेच यायचं. रॉबिन्सन आधी जोडीत होता, मग एकटा उभा राहिला आणि टॉपचा स्टार झाला. त्याचा जिन्यावरचा डान्स जरूर बघा. पाच पायऱ्या चढायच्या, पाच उतरायच्या, बास, पण प्रत्येक पायरीचा सूर वेगळा, शरीर ताठ, पाय चवड्यांवर हलके आणि ठोके इतके स्वच्छ की एकेक मोजून घ्यावा. तो वाजवायचा लाकडी तळव्यांवर, बुटाला चवड्याखाली आणि टाचेखाली धातूच्या पट्ट्या लावणं विसाव्या शतकात रूढ झालं. या पट्ट्या स्क्रूने बसवतात, स्क्रू जरा सैल-घट्ट केला की आवाज बदलतो, म्हणजे आपले तबलजी जसं तबला लावून घेतात तसं टॅपर बूट लावून घेतात. जॉन बबल्सने मग टाचा खाली आणल्या, टाचेने खर्ज, चवड्याने वरचे ठोके, आणि त्यातून रिदम टॅप उभा राहिला. तेव्हा न्यूयॉर्कच्या हार्लेम या कृष्णवर्णीयांच्या वस्तीत लाफायेट थिएटरजवळ हूफर्स क्लब नावाची जागा होती (हूफर म्हणजे टॅप नाचणारा), शिकणं-शिकवणं तिथेच, एकमेकांचं बघून, उचलून, त्यात स्वतःचं काहीतरी घालून.

सिनेमात लोकांना फ्रेड अस्टेअर आणि जीन केली आठवतात, दोघंही मोठेच. पण १९४३ च्या 'स्टॉर्मी वेदर'मध्ये फेयार्ड आणि हॅरल्ड हे निकोलस बंधू भल्यामोठ्या पायऱ्यांवर एकमेकांच्या डोक्यावरून उडी मारत खाली येतात, प्रत्येक वेळी दोन्ही पाय फाकवून स्प्लिटमध्ये पडतात आणि हात न टेकता उठतात, ते बघून माझा अजून विश्वास बसत नाही. आणि क्लेटन बेट्स! लहानपणी अपघातात एक पाय गेला, लाकडी पाय लावून नाचायला लागला आणि 'पेग लेग' बेट्स म्हणून टीव्हीवर झळकला.

१९५० च्या आसपास सगळं ओसरलं. नाचाच्या क्लबांवर युद्धकाळात जबर कर बसला, ब्रॉडवेवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या बड्या नाट्यगृहांत, बॅले आला, मग रॉक अँड रोल. कित्येक हूफर मिळेल ते काम करायला लागले. १९४९ मध्ये रॉबिन्सन गेला तेव्हा त्याच्या सोबत्यांनी कोपासेटिक्स नावाचा गट काढला आणि धुगधुगी टिकवली, पुढे ब्रेंडा बुफालिनोसारख्या बायकांनी या म्हाताऱ्यांकडून शिकून घेतलं, नट आणि टॅपर ग्रेगरी हाइन्सने त्यांना सिनेमात परत आणलं आणि टॅपर सेव्हियन ग्लोव्हरला १९९६ मध्ये कोरिओग्राफीचं टोनी, म्हणजे ब्रॉडवेचं मोठं पारितोषिक मिळालं.

आपल्याकडचा धागाही आहे. कोलकात्याचे कथक गुरू पंडित चित्रेश दास आणि टॅपर जेसन सॅम्युअल्स स्मिथ २००४ मध्ये अमेरिकेत भेटले आणि 'इंडिया जॅझ स्वीट्स' हा प्रयोग जन्मला. एकीकडे अनवाणी पाय आणि घुंगरू, दुसरीकडे धातूच्या पट्ट्या, समोरासमोर सवाल-जवाब, वयात पस्तीसेक वर्षांचं अंतर आणि दोघंही मागे हटायला तयार नाहीत! कथक शिकणाऱ्यांनी तर ही जुगलबंदी बघाच, आणि एकदा डोळे मिटून नुसती ऐका, हेडफोन लावून.